काठावरचा दगड

आखातातल्या आमच्या बौशरच्या ऑफिसचे ड्रायव्हरचाचा रत्नागिरीकडचे. पावसाने वादीचं, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याचं, पाणी रस्त्यावर आलं की ते गाडी थांबवत, पाण्याच्या काठाशी एक दगड ठेवत आणि तो बुडतो का ते बघत बसत.

गेल्या वसंतात इब्रा गावातलं काम आटोपल्यावर, फलजचं, म्हणजे शेतीच्या पाटाचं, पाणी नेणारा जुना दगडी पूल आणि त्याखालची पिवळी रानफुलं बघायला मीच हट्टाने गाडी वळवायला लावली. परतताना वादी आडवी आली.

"चाचा, यल्ला, चला! घोट्याभर तर पाणी आहे."

"साहेब, घाई आपल्याला हाय, पाण्याला नाय."

दगड बुडाला; पाणी चढत होतं. पाणी ओसरेपर्यंत तीन तास गेले, आणि ज्यांना आम्ही आणायचं होतं ते अर्बाबचे, म्हणजे आमच्या मालकाचे, पाहुणे विमानतळावर ताटकळले.

अर्बाबने विचारल्यावर मी म्हणालो, "चाचा रस्ता चुकले." चाचा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. गाडी काढून घेऊन त्यांना गोदामाच्या कामाला बसवलं गेलं. मी वर्षभर गप्प राहिलो.

काल पाऊस झाला. आज चाचा माझ्या टेबलापाशी आले.

"फुलं आली असतील, साहेब. जाल तर नव्या ड्रायव्हरला दगड ठेवायला सांगा हां."

मी उठलो आणि अर्बाबच्या केबिनचं दार वाजवलं.