प्रलयाचा दुपारचा शो

काल लेकीने पॉपकॉर्न करपवले आणि त्या वासाने मला वडिलांसोबतची, आमच्या अण्णांसोबतची एक दुपार आठवली. त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट पाच वाजता मिळणार होता, म्हणून सिन्नरहून आलेलो आम्ही दोघं नाशिकच्या एका थिएटरात जाऊन बसलो. पडद्यावर एक मांत्रिक प्रलय आणायला निघाला होता, पण त्याने बोलावलेलं भूत त्याच्याच मंत्रातल्या चुका काढत बसलं. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

“अण्णा, उठायचं का? पाच वाजत आले.”

“थांब गं, जग बुडतंय की नाही ते तरी बघू.”

रिपोर्ट वाईटच निघाला. अण्णा जेमतेम वर्षभर राहिले. तेव्हा मला त्यांच्या हसण्याचा रागच आला होता. आता आठवतं, हसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांचा तळवा घामाने ओलाचिंब होता.