साडूंचा राग आणि पिवळा दिवा

आमच्या थोरल्या साडूंइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. लोक माणसांवर रागावतात. साडू बिघाडांवर रागावत, आणि त्याहून जास्त बिघाड चालवून घेणाऱ्यांवर. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य गेलेलं. तिथं इशाऱ्याचा दिवा लागला की विमान जागचं हलत नसे; जगानंही तसंच वागावं, एवढीच त्यांची अपेक्षा. एका लग्नात तर भर मंगलाष्टकांत ते कडाडले, "वर पंखा डुगडुगतोय आणि अक्षता कसल्या टाकताय? आधी नवरीला बाजूला घ्या!" नवरीच्या आधी भटजी बाजूला झाले.

अशा माणसाला मी एकदा आमच्या गाडीत बसवलं. समोर एबीएसचा पिवळा दिवा जळत होता.

"हे काय?"

"गॅरेजवाला घालवतो, पुन्हा लागतो. साधे ब्रेक लागतात, बिनधास्त चालवा म्हणाला."

साडूंचे कान लाल झाले. "अहो, करकचून ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून असते ती सोय! माझी मेव्हणी रोज विंचूरला शिकवायला जाते, रस्ताभर कांद्याचे ट्रॅक्टर, आणि तुम्ही बिनधास्त? गाडी वळवा!"

गॅरेजवाला चांगला माणूस. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून नको तो शब्द गेला. "काका, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय. बहुतेक मागचा. बदलून टाकू."

"बहुतेक? डॉक्टर बहुतेक म्हणून पाय कापतो का रे?"

त्याचाच स्कॅनर हिसकावून साडू माझ्या शेजारी बसले आणि मला मागच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवायला लावली. पडद्यावर चारही चाकांचे वेग दिसत होते. सरळ जाताना चारही सारखे. डावीकडे वळलो, आणि पुढच्या डाव्या चाकाचा आकडा धपकन शून्यावर आला. "सापडला चोर!" ते इतक्या जोरात ओरडले की मी ब्रेकच दाबला, त्यावरूनही मी बोलणी खाल्ली. मग अंगातल्या पांढऱ्या सदऱ्यानिशीच ते चाकामागे शिरले. सेन्सरची वायर वरून धडधाकट होती, पण वाकवली की आतून तुटलेली कळत होती. चाक वळलं की ताण बसून आतला जोड सुटायचा. वायरीसकट नवा सेन्सर बसला, दिवा विझला.

तरी समाधान नाही. ओझरकडच्या एका रिकाम्या रस्त्यावर त्यांनी माझ्या बायकोला गाडी चालवायला बसवलं. "दाब जोरात!" गाडी सरळ रेषेत थांबली. "भाऊजी, पायाखाली ब्रेक थरथरतोय!" ती घाबरून म्हणाली. "थरथरू दे, बाई. काम करतोय तो," साडू म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. धूळ फार होती, असं नंतर रागानं सांगितलं.

हल्ली त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. यंत्र लावायचं नाव काढत नाहीत. घरचे म्हणतात, किती शांत झाले! मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन द्वारका चौकातून येत होतो. सिग्नलला ब्रेक इतका किंचाळला की पलीकडच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मी अंग चोरून बसलो.

साडू बाहेर बघत होते. माझ्याकडे वळून हसले. "गाडी छान ठेवलीत हो तुम्ही."

मी मान हलवली. सिग्नल सुटला तरी थोडा वेळ गाडी पुढे घेववली नाही.