लॅपटॉपमधली रिकामी जागा

लॅपटॉप सुरू झाला नाही, तेव्हा ताई माझ्याकडे येऊन तीन दिवस झाले होते. सकाळी चहा घेऊन मी टेबलापाशी बसले, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली. मशीनला सुरू व्हायला काही सापडत नाही, असा तिचा अर्थ. मी बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच ओळ.

दहा-अकरा वर्षांचा लॅपटॉप. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते तेव्हा घेतलेला. निवृत्त झाल्यावर त्याच्यावर मी आईबद्दल लिहायला घेतलं. दोन वर्षं रोज सकाळी नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून लिहीत होते. पेनड्राइव्हवर फक्त पहिली तीन प्रकरणं होती. बाकी सगळं त्या मशीनमध्ये.

मी ताईला हाक मारली. दुसऱ्या कुणाला मारणार? ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. नांदगावला भाऊजींचं घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊजी गेल्यावर तिनं ते बंद केलं नाही, स्वतः काउंटरमागे बसली. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं उघडणारी बाई म्हणून तिला सगळं गाव ओळखायचं. आमच्या घरात बिघडलेली वस्तू आधी ताईकडे जायची, मग बाहेर.

ती कणकेचे हात पुसत आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जुना झाला गं आता तो."

"पण काल रात्रीपर्यंत चालू होता."

"वस्तू सांगून बिघडतात का?"

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी त्या लॅपटॉपमागे होतो. चार्जर बदलून पाहिला. बॅटरी काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरून, मग परत लावून पाहिली. फोनवर व्हिडिओ लावून त्यातला माणूस सांगेल तसं करत गेलो. मी की-बोर्डच्या फटी ब्रशनं साफ करायची, ताई टॉर्च धरायची. एकदा सेटअपचा पडदा उघडला. त्यात डिस्कच्या नावापुढे काहीच नव्हतं. मी ताईला दाखवलं.

"डिस्क मेली की असंच दिसतं," ती म्हणाली.

"खालचं झाकण उघडून बघूया? तुझ्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहेत ना?"

"नको. जुनं प्लास्टिक आहे, तुटेल काहीतरी. मग दुकानवालासुद्धा हात लावणार नाही."

मी ऐकलं. ती अशा बाबतीत बोलली की मी नेहमीच ऐकत आले होते. सहाव्या-सातव्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ताईनं पाठीवरून हात फिरवला, आल्याचा चहा केला. "परत लिहिशील," म्हणाली. "तुझ्या डोक्यात आहे की सगळं."

नवव्या दिवशी ती नांदगावला परत गेली. मी तिला नाशिकरोडला गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून शालीमारजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदार साठीचे, मालेगावकडचे. पूर्वी ते यंत्रमागाची मोटर दुरुस्त करायचे, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. मी आठ दिवसांत काय काय केलं ते सगळं ऐकवलं. डिस्क मेली असावी, असंही मी म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढले, छोटं झाकण उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मरायला डिस्क आहे कुठे?"

मला कळलं नाही. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. झाकणाखाली चौकोनी खाच होती, रिकामी. एका कडेला जोडणीच्या पिना चकाकत होत्या.

"कोणी उघडला होता?"

"नाही. कोणीच नाही."

"उघडलाय. पण काम सफाईचं आहे. स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. ज्यानं काढली त्याचा हात बसलेला आहे."

ते सहज बोलून गेले. मी स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं, ते मी हातात धरून राहिले.

ताई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला नवीन प्रकरण वाचून दाखवलं होतं. आईचं घोटीचं प्रकरण. मी नऊ वर्षांची असताना आई सात महिने घरात नव्हती. आजारी आहे, मामाकडे गेलीय, एवढंच मला सांगितलं होतं. खरं तर ती घर सोडून गेली होती. घोटीला एका भाताच्या गिरणीत कामाला लागली होती, एक खोली घेऊन एकटी राहत होती. वडील आणायला गेले नाहीत. सोळा वर्षांची ताई एकटी गाडीत बसून गेली आणि आईला घेऊन आली. हे ताईनंच मला सांगितलं, आई गेल्यानंतर, एका दुपारी. मी ते चाळीस पानांत लिहिलं. मी वाचत होते तेव्हा ती गवार मोडत होती. शेवटी म्हणाली, "चांगलं लिहिलंयस." मला केवढा आनंद झाला होता.

मी फोन केला नाही. दोन दिवसांनी सकाळची गाडी पकडून नांदगावला गेले. तिनं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत वळली. कपाटातून रुमालात गुंडाळलेली डिस्क आणून माझ्यासमोर ठेवली.

"मोडली नाही," ती म्हणाली. "मोडणार होते. हात धजला नाही."

"ताई, सांगायचंस ना मला. मी काढून टाकलं असतं ते प्रकरण."

"नसतं काढलंस. एखादं वाक्य बदललं असतंस."

ते खरं होतं. तरी माझा राग तिथे नव्हता.

"आठ दिवस माझ्याशेजारी बसलीस," मी म्हणाले. "टॉर्च धरलास. मी रडत होते तेव्हा पाठीवर हात फिरवलास. तुला माहीत होतं."

"तू एकटी बसून खटपट करत राहिली असतीस, ते मला बघवलं नसतं," ती म्हणाली.

"मग द्यायचीस ना परत."

"घोटीहून परतताना गाडीत आईनं मला शपथ घातली होती. कुणाला सांगायचं नाही. मी पन्नास वर्षं पाळली आणि मग तुला सांगितलं. तुला सांगितलं, पुस्तकाला नाही. चूक माझीच होती. ती मी निस्तरत होते."

तिचा आवाज चढला नव्हता. घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं ती बोलत होती. मी डिस्क पर्समध्ये ठेवली. तिनं जेवायला थांब म्हटलं. मी थांबले नाही. परतीच्या गाडीत मला तिचा आईसाठीचा हट्ट कळत होता, तिची शपथ कळत होती. कळत नव्हते ते फक्त ते आठ दिवस. चोरी मी माफ करू शकले असते. पण चोरी करून माझ्याबरोबर शोधायला बसणं, "डिस्क मेली की असंच दिसतं" असं शांतपणे सांगणं, हे कुठे ठेवायचं ते मला समजेना. लहानपणापासून ताईनं मला जे जे सांगितलं होतं, ते मी मनात एकेक करून तपासायला लागले, आणि लासलगाव आलं तरी थांबता येईना.

शालीमारच्या दुकानदारांनी पाच मिनिटांत डिस्क बसवली. लॅपटॉप सुरू झाला. सगळं जागच्या जागी होतं, एक अक्षर हललं नव्हतं. "घरातच सापडली का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

त्या दिवशीच मी सगळ्याच्या दोन प्रती केल्या. घोटीचं प्रकरण पुस्तकात घेतलेलं नाही आणि पुसलेलंही नाही. त्याच्याशिवाय आईचं पुस्तक अर्धवट वाटतं, आणि त्याच्यासकट छापायला गेले की आईनं घातलेली शपथ आठवते. प्रकाशकाला मी अजून थांबा सांगितलंय.

आम्ही बोलत नाही असं नाही. गेल्या महिन्यात ताईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे नाशिकला झालं. दुसरीकडे कुठे राहणार, माझ्याकडेच राहिली. ती येण्याआधी मी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. तिच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

दिवसातून चार वेळा मी तिच्या डोळ्यात औषध घालायची. ती खुर्चीत बसून मान मागे टाकायची, डोळा उघडा धरायची आणि मी येईपर्यंत तशीच थांबायची. हातातल्या बाटलीवरचं लेबल दाखव, असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही.