बढतीचा पालकोवा

मी चेन्नईत टोर्नेडोचा अभ्यास करत होतो असं सांगितलं की नातेवाईक आधी हसतात, आणि मी हसत नाही असं दिसलं की घाईघाईने विषय बदलतात. त्यांचं काही चुकत नाही. टोर्नेडो म्हणजे टीव्हीवरचं, अमेरिकेतलं, मोटारी उचलून नेणारं वादळ. आमची आई म्हणायची, "मुलगी बघितली नाही, पत्रिका नाही, आणि हा मांडव घालून बसलाय."

नेमकं सांगायचं तर माझा विषय होता उन्हाळी वादळं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पश्चिमेला ढग चढतात, संध्याकाळी समुद्रावरच्या वाऱ्याशी त्यांची गाठ पडते, आणि तासाभरात झाडं, पत्रे, होर्डिंग आडवी करून सगळं चिडीचूप. नुंगंबाक्कमच्या आमच्या हवामान खात्याच्या कार्यालयात मान असायचा तो चक्रीवादळांना. ती आधी वर्दी देऊन येतात, त्यांच्यासाठी मंत्री फोन करतात. माझी वादळं म्हणजे न कळवता येऊन चहा न घेता निघून जाणारे पाहुणे. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की यातली काही वादळं पोटात गोल फिरतात का? फिरत असतील, तर टोर्नेडोची चुलत भावंडं इथेही जन्मतात असं म्हणता आलं असतं. आणि ते पहिल्यांदा मी म्हणावं, अशी हौस होती. खोटं कशाला बोलू?

दोन हजार सालानंतर लगेचच बंदराजवळ नवं रडार बसलं. जुनं फक्त पाऊस कुठे आहे ते सांगायचं, हे वारा कुठे चाललाय तेही दाखवायचं. रडारकडे येणारा वारा हिरवा, दूर जाणारा लाल. दोन्ही रंग एकमेकांना अगदी खेटून दिसले, की तिथे वारा फिरतोय. चाळिशी ओलांडलेला मी त्या पडद्यासमोर तासन् तास बसायचो. बायको एकदा बघायला आली आणि म्हणाली, "अहो, माझ्याकडे नाही बघितलंत कधी असं."

पहिल्याच उन्हाळ्यात शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला एका कारखान्याच्या शेडचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी मी आणि माझी सहकारी तिकडे गेलो. ती तमिळ मुलगी नुकतीच संशोधक म्हणून लागली होती, माझ्याहून हुशार आणि सुदैवाने तसं तोंडावर न म्हणणारी. आमच्या कामाची पद्धत साधी. पडलेली झाडं आणि पत्रे कुठल्या दिशेला तोंड करून पडलेत ते बघायचं. सगळे एकाच दिशेला असले तर वारा सरळ आलेला. एकमेकांवर आडवेतिडवे पडले असले तर शंका घ्यायची. मी होकायंत्र घेऊन चिखलात वाकलेलो, तर फाटकावरचा पहारेकरी तमिळ वळणाने 'सर'चं 'सार' करत तिला विचारत होता, "सार इन्शुरन्सचे का?" ती म्हणाली, "नाही, सार वाऱ्याचे." त्याने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

पत्रे आडवेतिडवेच होते. पण त्या संध्याकाळी रडार चक्रीवादळांसाठी ठरवलेल्या संथ चालीने फिरत होतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात माझं वादळ येऊन गेलं. पुरावा म्हणून हातात उरले ते पत्रेच. मग बरीच खटपट करून आमच्या साहेबांकडून परवानगी मिळवली, की पुढच्या उन्हाळ्यात, आकाश भरून आलं की रडार भराभर फिरवायचं. परवानगी माझ्या शब्दावर होती, मी तिथे असेन या बोलीवर.

फेब्रुवारीत बढतीची ऑर्डर आली. दिल्लीला. मोठं पद, मोठी खोली, आणि संशोधनाशी संबंध एवढाच, की संशोधकांच्या रजा मंजूर करायच्या.

बढती नाकारता येते. सरकारात ती सोय आहे, फारसं कुणी वापरत नाही इतकंच. मी त्याच दुपारी ठरवून टाकलं, नाही म्हणायचं. सहकारीला सांगितलं तर ती म्हणाली, "सूपर, सार! मेमध्ये बघू." मग घरी फोन लावला. बायको बँकेत होती, फोन आईने घेतला. मी म्हटलं, "आई, बढती आली." पुढचं वाक्य होतं, "पण मी घेणार नाही." तेवढ्यात साहेब दारात आले आणि मी फोन ठेवला.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझे वडील रेल्वेत ज्या खुर्चीवर चिकटले, त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. दर वर्षी शेजारच्या कुणाच्या तरी बढतीचे पेढे घरात यायचे आणि आई ते वाटीत काढून डबा धुऊन परत द्यायची. आपल्या घरून कधी पेढे गेले नाहीत, हे ती बोलायची नाही. पण धुतलेला डबा जरा जास्तच वेळ पुसत राहायची.

संध्याकाळी तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत शिरलो, तर इस्त्रीवाल्यापासून सगळे हसून मान हलवत होते. पेढे मिळाले नव्हते म्हणून आईने पालकोवा, म्हणजे इकडचा दूध आटवून केलेला गोड खवा, आणून त्याचे पेढे वळले होते आणि गल्लीभर वाटले होते. मुलुखातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन झाले होते. बायकोने स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेतलं. "आत्ता सांगा. उद्या फार उशीर होईल."

"सकाळी सांगतो," मी म्हणालो. आई देवासमोर बसली होती.

सकाळी मी निघालो तेव्हा तिची अंघोळ चालू होती. नकाराचा अर्ज मी कार्यालयात पोचल्यावर लिहिला, साहेब मोकळे व्हायची वाट पाहत बसलो, आणि अकराच्या सुमारास आमच्या मजल्यावर आई आली. एकटी, बसने. तमिळचा एक शब्द न येणारी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही सुनेला घेऊन जाणारी माझी आई, ठेवणीतली साडी नेसून, स्टीलचा डबा घेऊन. प्रत्येक टेबलापाशी थांबली, प्रत्येकाला पेढा दिला. साहेब उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी पेढा घेतला आणि मला इंग्रजीत विचारलं, "तर मग जाताय?"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. सहकारीही बघत होती. माझ्या तोंडात पेढा होता. मी होकारार्थी मान हलवली.

सहकारी पुन्हा संगणकाकडे वळली. तिच्या टेबलावरचा पेढा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

मेमध्ये दिल्लीतल्या मोठ्या खोलीत तिचा फोन आला. "सार, तिरुवळ्ळूरच्या बाजूने येतंय. लाल-हिरवं खेटून आहे. काय करू?"

"रडारचा कोन खाली आण. भराभर फिरवायला सांग."

"नाही म्हणतात, सार. परवानगी तुमच्या नावावर होती."

मी चेन्नईच्या साहेबांना फोन लावला, ते बैठकीत होते. मग पुन्हा तिला लावला आणि रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकावं तसं ऐकत बसलो. आत्ता दिसतंय, आत्ता पुसट झालं, आता पुढची फेरी यायला वेळ आहे. पुढची फेरी आली तेव्हा ते समुद्रावर जाऊन विरलं होतं. "गेलं, सार," ती म्हणाली. त्या उन्हाळ्यात तसं दुसरं आलं नाही. पुढच्या वर्षी तिचीही बदली झाली.

तिचा फोन आला त्या संध्याकाळी दिल्लीतल्या घरी येऊन मी न राहवून आईला सगळं सांगितलं. रंग, पत्रे, अर्ज, सगळं. ती शेंगा सोलत होती.

"एवढं होतं, तर मला थांबवायचं होतंस रे."

"तू वाटून बसली होतीस, आई. गल्लीभर."

"मग काय झालं? सांगितलं असतं घरोघरी जाऊन, की नाही घेत म्हणून. त्यात काय लाजायचं?"

माझी खात्री आहे, ती गेली असती. हातवारे करत, एकेका दाराशी उभी राहून. मी तिला विचारलंच नव्हतं.