माहेरच्या नावाचं कार्ड

देशादेशांनी एकत्र येऊन संकटाला तोंड द्यायला हवं, असं टीव्हीवर कुणी सांगायला लागलं की माझी बायको आवाज कमी करते, कारण मी मध्ये बोलतो. मी म्हणतो, येतात हो एकत्र. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, माझ्या स्वतःच्या टेबलावर पाहिलंय मी ते. त्यात माती कालवायचं काम मात्र माझ्यासारख्यांकडे असतं.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. मी प्राथमिक शाळेचा मास्तर, आणि शाळेच्याच एका खोलीत चालणाऱ्या टपालघराचाही कारभारी. गावातले दोन जवान लढाईत बेपत्ता झाले होते. दोघांच्या घरी एकसारखी तार आली होती, आणि दोन्ही तारा मीच वाचून दाखवल्या होत्या. दोघे एकाच भावकीतले, आडनाव एकच. अर्धं गावच त्या आडनावाचं. एकाचा म्हातारा बाप रोज टपालाची थैली यायच्या आधी ओट्यावर येऊन बसायचा. "काय हाय का, गुरुजी?" "नाही, बाबा." एवढंच आमचं बोलणं. दुसऱ्याच्या घरी कर्तं माणूस नव्हतं. दुष्काळ सुरू झाला होता, त्याची बायको खडी फोडायच्या कामावर जायची, आणि येऊन विचारायला तिला फुरसत नसे.

एक दिवस थैलीतून ते कार्ड निघालं. युद्धकैद्याचं. तिकडच्या छावणीतून निघून, लढाईशी संबंध नसलेल्या एका तिसऱ्या देशातल्या माणसांच्या हातून, दिल्लीमार्गे आमच्या खेड्यात आलेलं. ज्या दोन देशांनी एकमेकांवर तोफा डागल्या, त्यांनीच एका शेतकऱ्याच्या पोराची खुशाली कळवायला एवढी वाट मोकळी ठेवली होती. मधल्या त्या अनोळखी माणसांबद्दल मला फार माया वाटली, अजून वाटते. मजकूर छापील, इंग्रजीत: मी सुखरूप आहे. पण ज्यांच्या हातून ते गेलं, त्या प्रत्येकाने आपापला शिक्का मारला होता, आणि सगळे शिक्के नेमके पाठवणाऱ्याच्या नावावर बसले होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! स्वच्छ वाचता येत होतं ते गाव, आडनाव आणि जिला पाठवलं तिचं नाव. त्या नावाची बाई आमच्या गावात नव्हती.

शिक्क्याखालून एक अक्षर डोकावत होतं. ते मला म्हाताऱ्याच्या मुलाच्या नावातलं वाटलं. खरं सांगायचं तर मला ते तसंच वाटायला हवं होतं, कारण म्हातारा समोर बसला होता. बायकोचं नाव तिकडच्या कारकुनाने चुकवलं असेल, असंही मी ठरवून टाकलं. "बाबा, पोरगा जिवंत आहे," मी म्हणालो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! म्हाताऱ्याने माझे पाय धरले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्याला उठवलं आणि आम्ही दोघे जवळजवळ पळतच त्याच्या घरी गेलो.

सून घरीच होती. आदल्या दिवशी खडी फोडताना तिच्या बोटावर हातोडा बसला होता. म्हातारा दारातूनच ओरडला, "पोरी, गूळ आन! कागद आला त्याचा, कागद!" तिने पदर सावरला, आणि मला विचारलं, "कुनाच्या नावानं आलाय, गुरुजी?"

मी नाव वाचलं. तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू थोडा वेळ तसंच राहिलं.

"हे माजं न्हाई," ती म्हणाली. "हितलंबी न्हाई न् म्हायेरचंबी न्हाई. हे तिचं हाय." आणि तिने दुसऱ्या जवानाच्या घराकडे हात केला. "तिचं म्हायेरचं नाव हाय हे. खडीवर आमी एकमेकींना म्हायेरच्या नावानंच हाका मारतो."

लग्नात आपण मुलीचं नाव बदलतो आणि आधीचं विसरून जातो. ते रेशनकार्डावर नसतं, मतदारयादीत नसतं. त्या जवानाने मात्र शत्रूच्या छावणीत बसून तेच सांगितलं होतं. घरात तो तिला त्याच नावाने बोलावत असणार. गावात शहाणा म्हणून मिरवणाऱ्या मला ते सुचलं नाही. "पुन्यांदा वाचा की," म्हातारा म्हणाला. मी पुन्हा वाचलं. सुनेला गप्प बसता आलं असतं. निदान संध्याकाळपर्यंत तरी तो आनंद त्या घरात राहिला असता. मी तिच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो.

"मामा, तुमी बसा वाईच," ती सासऱ्याला म्हणाली, माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि निघाली. मी मागोमाग. खडीच्या कामावर बायका उन्हात रांगेने बसल्या होत्या. तिने लांबूनच त्या नावाने हाक मारली आणि एक बाई हातोडा टाकून उभी राहिली. "तुजं मालक हाईत गं! सुखरूप हाईत!" दोघी गळ्यात पडून रडल्या. मी चष्मा पुसत उभा होतो.

पुढे कैदी सुटले तेव्हा गावात एकच जवान परतला. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? परतताना सून शाळेपाशी आल्यावर थांबली.

"गुरुजी, समदी कार्डं काय एकाच थैलीत येत नसतील."

"नाही," मी म्हणालो.

"तेच म्हनते मी. मामांना उद्याबी धाडते."