उखळापाशी थांबलेली पोथी

डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या शंकराच्या देवळात दर श्रावणात पोथी वाचते ती मी. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून वाचत आले. आधी अध्याय, मग अर्धा तास त्यावर निरूपण.

त्या पोथीतली एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. दारात आलेला अतिथी जेवायला यजमानाचं पोटचं पोरच मागतो. आईबाप देतात. आई त्याचं डोकं उखळात कांडते, तेही डोळ्यांत पाणी न आणता. शेवटी अतिथी म्हणजे देवच निघतो आणि मूल धावत परत येतं. हा अध्याय मी फार रंगवायचे. आईच्या निष्ठेवर बोलताना आवाज खाली आणायचे, मूल परत आलं की चढवायचे. बायका डोळे पुसायच्या. कांडण्याच्या ओव्या मात्र मी भरभर उरकायचे. ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

आमच्या मजल्यावरची शेजारीण श्रावणभर यायची, या अध्यायाचा तो एक दिवस सोडून. तिचा मुलगा आठ वर्षांचा असताना तापाने गेला होता. ती येत नाही हे मला दिसत होतं. मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. कोलशेतची एक बाई माझ्याकडे पोथीचे उच्चार शिकायला यायची. खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातली, शाळा आठवीपर्यंत. उखळाच्या अध्यायाचं वाचन मी तिला दिलं. खरं सांगायचं तर लोकांना दोघींतला फरक कळावा, अशीही इच्छा होती. अशक्तपणा होता म्हणून मला रिक्षाने देवळात न्यायला शेजारीण आली आणि तो दिवस असूनही माझ्या बाजूलाच बसून राहिली.

कोलशेतची उखळापर्यंत आली आणि थांबली. पोथीवर हात ठेवला.

"मना नाय वाचवत," ती म्हणाली. मग सावरली. "देवाने हे मागायला नको होतं, असं मला वाटतं. पण पोथीत आहे, तर गाळणार नाही."

तिने त्या ओव्या सावकाश, एकेक करून वाचल्या. मूल परत आल्यावरही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "ह्या आईचं परत आलं. ज्यांचं नाही आलं त्यांना काय सांगायचं, मला माहीत नाही."

आरती झाल्यावर शेजारीण उठून सरळ तिच्याकडे गेली. दोघी खांबाला टेकून बराच वेळ बसल्या. शेजारीणच बोलत होती. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली मी चपला घालून पायरीवर उभी. माझीच विद्यार्थिनी, माझीच शेजारीण.

माझा आवाज परत आल्याबरोबर मी विश्वस्तांना गाठलं. "उच्चार फार अशुद्ध आहेत हो तिचे. पोथीला शोभत नाही." त्यांनी मान हलवली. पुढच्या श्रावणात तिला बोलावलं नाही.

त्या वर्षी मीही उखळापाशी थांबले. पोथीवर हात ठेवून म्हणाले, "याचं उत्तर मला माहीत नाही." आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. बायका कौतुकाने बघत होत्या. शेजारीण आली नव्हती. ती कोलशेतला गेली होती. तिथल्या देवळात त्या बाईचं वाचन होतं.

संध्याकाळी मी शेजारणीची बेल वाजवली.

"काय बोलली गं आज ती?"

"काही नाही, काकू. नुसतं वाचलं."

मी खुर्चीवर बसले. "तिला इथे बोलावू नका, असं मीच सांगितलं होतं."

"वाटलंच होतं मला."

"तू त्या दिवशी येत नाहीस, हे मला कधीचं दिसत होतं. मी विचारलं नाही."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा घेताना तिने मुलाचे शेवटचे तीन दिवस मला सगळे सांगितले. पण ऐकतानाही एकच टोचत होतं, की हे कोलशेतच्या बाईने माझ्याआधी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांना खरं काय ते सांगितलं. यंदा तो दिवस कोलशेतच्या बाईला दिला. मी पोचले तेव्हा शेजारीण आधीच तिच्याजवळ बसलेली, तिच्यासाठी तांब्याभांडं भरून ठेवलेलं. माझ्यासाठी जागा धरलेली नव्हती. मी मागे जाऊन बसले.