तिसरा माग थांबला की

मुलाने पाठवलेलं नाताळचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि शेवटची भाकरी तव्यावर होती. तो पुण्यात कॉम्प्युटरवर गाणी तयार करण्याच्या नोकरीत आहे. आम्ही त्याला तबल्याच्या क्लासला घातलं होतं. तबला मागे पडला, आता तो कानाला हेडफोन लावून बसतो आणि बटणं दाबून ढोल, बासरी, पाऊस, काय हवं ते वाजवतो. याचा पगार मिळतो हे मला अजून नीटसं पटलेलं नाही. परदेशातल्या कुणाला तरी डिसेंबरसाठी गाणं हवं होतं, ते त्याने केलं आणि मला पाठवताना खाली लिहिलं, 'आई, आवाज मोठा करून ऐक.'

मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी नुसतंच किणकिण झालं, मग एक मुलगी इंग्रजीत गायला लागली. आवाज माणसाचाच, पण चाळणीतून चाळून घेतलेला. त्यातलं 'ख्रिसमस' तेवढं मला कळलं. आणि मग खालून ठेका सुरू झाला. खटाक् खट, खटाक् खट. माझा हात जागीच थांबला. तो ढोल नव्हता. ते आमचे माग होते.

इकडे आमच्या गावच्या भवानी पेठेत, घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे आमचे चार यंत्रमाग होते आणि ते माझे यजमान चालवायचे. मी टेंभुर्णीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने डोकं भणभणायचं. घरातून कितीही ओरडलं तरी शेडमध्ये ऐकू जात नसे. म्हणून आमच्या घरात हाक मारायची पद्धतच वेगळी. आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा असतो, लाकडाचा, टोकांना लोखंड बसवलेला. तसला एक जुना धोटा खिडकीशी टांगलेला असायचा. तो खिडकीच्या गजावर दोनदा वाजवला की चहा, तीनदा वाजवला की जेवण. मग ते एकेक माग बंद करत दाराकडे यायचे. तिसरा माग थांबला की मी आमटी वाढायची, म्हणजे चौथा थांबून, हात धुऊन ते पाटावर बसेपर्यंत ती गरम राहायची. गार आमटी समोर आली तर हे बोलायचे काही नाहीत, पण चेहरा असा करायचे की त्यापेक्षा बोललेलं परवडलं.

नाताळ आमच्याकडे मे महिन्यात यायचा. परदेशी जाणाऱ्या नॅपकिनचं काम एका मोठ्या कारखान्याकडून आमच्याकडे यायचं. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आमच्या मागांवर बर्फातली झाडं आणि हरणं उतरत असायची. "ही हरणं हायत का मेंढरं?" असं मी दरवर्षी विचारायची. "तिकडची मेंढरं अशीच असतात," असं ते दरवर्षी सांगायचे. अशाच एका मे महिन्यात मुलगा सुट्टीवर आला होता आणि दाराशी फोन धरून उभा होता. काय करतोस विचारलं, तर म्हणाला, मागांचा आवाज घेतोय. "चला, कापडाला न्हाय तर आवाजाला तरी भाव आला," म्हणून वडिलांनी त्याची टर उडवली.

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. माग मोडीत गेले. शेडमध्ये मी कपडे वाळत घालते.

तर गाणं चालू होतं, माग चालू होते, आणि मध्येच टण टण टण झालं. गजावर धोटा. तीनदा. मी पळी उचलली आणि माग थांबायची वाट बघत उभी राहिले. हे सांगायला लाज वाटते, पण खरंच उभी राहिले. एकही माग थांबला नाही. ती मुलगी गात राहिली. पुन्हा टण टण टण, तरीही खटाक् खट चालूच. गाणं संपलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती आणि माझ्या हातात रिकामी पळी होती.

मी लगेच मुलाला फोन लावला.

"ऐकलंस का आई? घंटा कशी वाटली? तिकडची लोकं लई खूश हायत त्या घंटेवर."

"घंटा न्हाय ती. जेवायची हाक हाय माझी."

"माहीत हाय की. म्हणून तर घेतली."

"मग पुढं माग का थांबत न्हाईत?"

"अगं, गाण्यात ठेका थांबवून कसं चालंल? तेवढाच तुकडा फिरवून फिरवून लावलाय."

"एवढ्या येळा बोलावलंय मी त्यांना. एकदा तरी येऊ द्यायचं की."

तो म्हणाला, पुढचा भाग जुन्या फोनमध्ये आहे आणि तो फोन सुरूच होत नाही, बघतो काय होतंय ते.

त्यानंतरचे चार दिवस मी त्याच्यावर उगाच चिडत होते. माणूस जपून ठेवायचं ते जपत नाही आणि किणकिण जपतो, असंही एकदा बोलून गेले. गाणं मात्र रोज ऐकायची. मुलीचे शब्द काय आहेत ते त्याला विचारून घेतलं. कुणीतरी सणाला घरी येणार होतं आणि आलं नाही, एवढीच गोष्ट. मला सणावाराचं काही नव्हतं. मला फक्त ते एका साध्या दुपारी जेवायला यायला हवे होते.

रविवारी सकाळी त्याचा निरोप आला. 'सापडलं. फोन दुरुस्तीवाल्याने काढून दिलं. सगळं आहे.' मी ते लगेच ऐकलं नाही. आधी स्वयंपाक केला. भाकरी थापल्या, आमटीला उकळी आणली, कांदा फोडला. ताट एकच घेतलं, उगाच वेड्यासारखं करायचं नव्हतं. मग फोन डब्याला टेकवला आणि बटण दाबलं.

चारही माग चालू होते. मध्येच मुलगा काहीतरी बोलला, त्यावर फोनमधली मी आतून "बाजूला हो की" म्हणाले. मग टण टण टण. काही झालं नाही. पुन्हा टण टण टण, या वेळी जरा रागानेच. एक माग थांबला. मग दुसरा. तिसरा थांबला आणि इथे मी पळीभर आमटी वाटीत ओतली. चौथ्याला वेळ लागला, त्याला नेहमीच लागायचा. मग सगळं शांत झालं. चपला घासत जवळ आल्या आणि ते अगदी फोनपाशी येऊन बोलले.

"आलो की. वाढ."

"वाढलंय," मी म्हटलं.